यादी आणि अडतीस गाठोडी

गेल्या हिवाळ्यात आमच्या इमारतीत बातमी उठली की तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला आईवडिलांनी घराबाहेर काढलं आणि ती आता बेघरांच्या निवाऱ्यात झोपते. लाँड्रीवाल्याने तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. संध्याकाळी सहाला, निवाऱ्याच्या रांगेत, बगलेत ब्लँकेट आणि दोन्ही हातांत दोन गाठोडी. मला त्याने सांगितलं ते एवढंच. घराबाहेर काढण्याचा भाग माझा नाही. मी फक्त जिन्यात दोघातिघांना म्हणालो, "काहीतरी बिनसलं असेल बुवा घरात." दुपारी तीच बातमी तळमजल्यावरून माझ्याकडे परत आली तेव्हा तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. लग्न मुळात ठरलेलंच नव्हतं, पण एवढ्या तेवढ्या गोष्टीवरून बातमी अडत नाही.

संध्याकाळी मुलीची आई आमच्या दारात. ती घरात शिवणाचे क्लास घेते, त्यामुळे गळ्यात मोजायची टेप आणि तोंडात दोन टाचण्या.

"भावोजी, माझ्या मुलीला मी हाकलून दिलं म्हणे. मग आज सकाळी माझ्याशी भांडून, माझ्याच हातचा चहा पिऊन गेलं ते कोण?"

मी म्हणालो, "वहिनी, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?"

"लोकांच्या नाही, तुमच्याच लावीन म्हणते," असं म्हणून तिने टाचण्या तोंडातून काढल्या. मी दोन पावलं मागे सरलो.

तर खरी गोष्ट अशी. मुलगी ग्रंथालयशास्त्र शिकते. त्यांच्या कॉलेजने नियम काढला की प्रत्येकाने साठ तास कुठेतरी समाजाच्या कामी यायचं आणि त्यावर अहवाल लिहायचा. बाकीच्या मुलींनी वाचनालयं, शाळा असल्या सावलीच्या जागा धरल्या. ही गेली निवाऱ्यात. रांगेत ती उभी होती ती झोपायला नव्हे, रांगेतल्या म्हाताऱ्यांचं ओझं धरायला.

या मुलीला मी लहानपणापासून 'यादी' म्हणतो. सात वर्षांची असताना तिने जिन्यातल्या सगळ्या चपलांची यादी केली होती, मालकांच्या नावासकट. त्या यादीमुळेच कळलं की दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ गेले सहा महिने माझी चप्पल घालून फिरतायत. तेव्हापासून माझा जीव आहे तिच्यावर. तिच्या घरी मसाल्याच्या डब्यांवर क्रमांक आहेत. वडील शहरात बस चालवतात. ते म्हणतात, "घरी आलो की मी माझ्या ठरलेल्या थांब्यावर बसतो, नाहीतर ही दंड करते."

निवारा आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. पूर्वी तिथे बर्फाचा कारखाना होता आणि हिवाळ्यात भिंतींना ते अजून आठवतं. मोठ्या हॉलमध्ये चाळीस खाटा. संध्याकाळी सहाला दार उघडतं, सकाळी आठला सगळ्यांनी बाहेर पडायचं. दिवसभर सामान पाठीवर घेऊन कोण हिंडणार? म्हणून शेजारी सामानाची खोली. सकाळी गाठोडं ठेवायचं, संध्याकाळी घ्यायचं. हे चालवतात एक निवृत्त पोस्टमन. त्यांना सगळे पोस्टमनकाकाच म्हणतात. खाकी रंगाचा स्वेटर, कानावर पेन्सिल, आणि चालणं अजून असं की पुढच्या दारात कुत्रा असेल.

यादी तिथे गेली तेव्हा सामानाच्या खोलीत नुसता डोंगर होता. रोज संध्याकाळी तासभर आरडाओरडा. माझं निळं, तुझं निळं, हे कुणाचं, ते कुणी दाबलं. यादीने आठ दिवसांत फळ्या ठोकून घेतल्या, आईकडच्या चिंध्यांचे बिल्ले शिवले, प्रत्येक गाठोड्याला क्रमांक, तोच क्रमांक माणसाच्या हातात. तासाचं काम दहा मिनिटांवर आलं. पोस्टमनकाका मला रस्त्यात भेटले तर म्हणाले, "तुमच्या इमारतीत असं रत्न आहे होय? आम्हाला वाटायचं तुमच्यासारखेच सगळे."

तिथे एक बटणवाल्या आजी होत्या. पूर्वी दारोदार बटणं, सुया, दोरे विकायच्या. मग दिसेनासं झालं. काळं बटण काय आणि निळं काय, बोटांनी कळेना, गिऱ्हाइकं तुटली, खोलीही सुटली. एक डोळा पूर्ण गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. पण जीभ अशी, की शाबूत दोन डोळेवाल्यांनी बघून चालावं. यादीचं आणि त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं. यादी त्यांना बसच्या पाट्या वाचून दाखवायची, आजी तिला सांगायच्या की आज कोण खरं बोललं आणि कोण खोटं, नुसत्या आवाजावरून. त्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पोस्टमनकाकांनी सरकारी दवाखान्यात वर्षभर खेटे घातले होते. शेवटी तारीख मिळाली. दवाखान्याची अट एकच. ऑपरेशननंतर आठवडाभर डोक्यावर छप्पर हवं आणि वेळच्या वेळी थेंब घालणारं माणूस हवं. म्हणजे आदल्या दिवसापर्यंत पोस्टमनकाकांनी लिहून द्यायचं, की या बाई आमच्याकडे राहतात, आम्ही बघू. तारीख चुकली तर पुन्हा रांगेच्या शेवटी, आणि डॉक्टर म्हणाले होते की हा डोळा तेवढा थांबायचा नाही.

तारखेला नऊ दिवस उरले असताना आमच्या यादीने घोळ घातला.

घोळ असा, की तो तिच्याच जातकुळीच्या माणसाला सुचावा. मी आळशी माणूस, माझ्या हातून सात जन्मांत झाला नसता. अहवालात तक्ता लिहायचा होता. क्रमांक झाले, मालक झाले, आता तिसरा रकाना: 'आत काय आहे'. कॉलेजात शिकवलं होतं की पुस्तक उघडून बघितल्याशिवाय नोंद करायची नाही, नुसत्या कव्हरवरून तर नाहीच नाही. त्या दिवशी कॉलेजला सुट्टी. ही दुपारी बाराला गेली, एकटीने अडतीस गाठोडी उघडली, आतली वस्तू न् वस्तू लिहून काढली, कपड्यांच्या छान घड्या घातल्या, पुन्हा बांधली. चार तास कंबर मोडून. तिला वाटलं, संध्याकाळी लोक खूश होतील. हरवलं-बिरवलं तर कागद आहे हातात!

सहा वाजता खिडकीत उभी राहिली. पहिला आला तो रंगारी, पन्नाशीचा, कायम टोपीवर चुन्याचे ठिपके. हिने त्याचं गाठोडं पुढे केलं आणि सगळ्या रांगेदेखत वाचायला लागली, "एक पँट, दोन शर्ट, एक ब्रश, लहान मुलाच्या बुटांचा जोड एक. बरोबर आहे ना काका?"

रंगारी हसला. पण ते हसू मध्येच कुठेतरी अडकलं. "हो, बरोबर," म्हणाला आणि गाठोडं पोटाशी धरून भिंतीकडे गेला.

दुसऱ्या आल्या त्या बटणवाल्या आजी. यादीने कागदावर बोट ठेवलं, पण वाचायला तोंड उघडायच्या आत आजींनी गाठोड्याच्या गाठीवर बोटं फिरवली.

"ही गाठ माझी नाही."

यादी खोटं बोलत नाही. लहानपणी माझ्यासाठी म्हणूनही कधी बोलली नाही, आमच्या हिने "काका कुठे गेलेत?" विचारलं की खरं तेच सांगायची. "मी उघडलं होतं आजी," ती म्हणाली. "यादीसाठी. पण काही गेलेलं नाही. अकरा वस्तू आहेत, सगळ्या मोजल्यात."

"मोजल्यास ना?" आजी म्हणाल्या. "मग गेलंच की."

त्यांनी हातातला क्रमांकाचा बिल्ला खिडकीत ठेवला, गाठोडं काखेत मारलं आणि चाचपडत दाराबाहेर गेल्या. ती मागे धावली तर म्हणाल्या, "हात लावू नकोस, मला रस्ता कळतो."

पोस्टमनकाका रागावले नाहीत. तेच तिला जास्त लागलं. ते एवढंच म्हणाले, "बाळ, मी बत्तीस वर्षं लोकांची पाकिटं वाहिली. कित्येकांत काय आहे ते वरूनच कळायचं. पण उघडलं एकही नाही." त्याच रात्री घरी येऊन तिने तो तक्ता फाडला, आणि पुन्हा कुणी जुळवू नये म्हणून तुकडे बादलीत भिजवले. हे मला तिच्या आईकडून कळलं, कारण ती बादली आईची कपडे भिजवायची होती.

दोन दिवस आजींचा पत्ता नाही. थंडी अशी की सकाळी नळाला हात लावायची हिंमत होईना. तिसऱ्या दिवशी यादीचे वडील जेवताना म्हणाले, "तू सांगतेस तशी एक आजी स्टँडवर बसते. सहा नंबरच्या फलाटामागे, शेवटच्या बाकावर. गाठोडं मांडीखाली असतं."

हिने ताट तसंच सरकवलं. पोस्टमनकाकांकडेही एकदा विचारून आली. आजी निवाऱ्यात नसल्या तरी दवाखान्याला पत्र देता येईल का? ते म्हणाले, "खोटं पत्र मी देणार नाही. खरं करून आण, तासाभरात देतो."

ती स्टँडवर गेली. माफी मागितली. ब्लँकेट नेलं, ते आजींनी शेजारच्या बाकावरच्या माणसाला देऊन टाकलं. दुसऱ्यांदा गेली तेव्हा आजी बोलल्या तरी.

"माफी कसली गं? तू काय चोर आहेस? चांगली पोर आहेस. पण तुमच्या घरांना दारं असतात, दारांना कुलपं असतात. माझं सगळं घर म्हणजे ती एक गाठ. आता तुला माझं अथपासून इतिपर्यंत माहीत झालं. मला तुझं काय माहीत आहे? आवाज. बस."

"पण आजी, डोळा..."

"डोळा माझा आहे. माझ्या डोळ्याची काळजी तू तुझ्या झोपेसाठी करतेयस."

हे ऐकून ती घरी आली आणि जिन्यात बसली. मी पेपर आणायला म्हणून खाली जात होतो (पेपर सकाळीच आला होता, पण कारण लागतंच). तिच्या बाजूला बसलो. तिने सगळं सांगितलं. तारीख तीन दिवसांवर आलेली. मी म्हणालो, "अगं, म्हाताऱ्या माणसांचा राग असाच, पेल्यातलं वादळ. जातो."

"राग नाही काका तो," ती म्हणाली. "बरोबर आहे त्यांचं. मी त्यांना काहीतरी नेऊन देतेय, नेऊन देतेय. त्यांना काही नकोय. त्यांना फिट्टंफाट हवीय."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घरातून असा आवाज आला की कुणी कपाट पाडतंय. मी शेजारधर्म म्हणून लगेच गेलो. यादीच्या टेबलाला एक खण आहे. कुलूपबंद. शाळेत असल्यापासून त्याची किल्ली तिच्या गळ्यात. तिच्या आईने त्या खणात काय आहे हे ओळखण्यात वर्षं घालवली, मी थोडीफार मदत केली, पण दोघांच्याही हाती काही लागलं नाही. तो अख्खा खण तिने टेबलातून ओढून काढला होता, चादरीत ठेवला होता आणि चादरीची चार टोकं एकत्र बांधत होती.

आई दारात. "हे कुठे चाललंय?"

"स्टँडवर."

"मला आजपर्यंत वास लागू दिला नाहीस आणि त्या परक्या बाईला..."

"आई, तुझं मी काही उघडलं नव्हतं," यादी म्हणाली. तिची आई दारातून बाजूला झाली. असं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

मी म्हणालो, "जड आहे. दे, मी उचलतो." परोपकाराची अशी संधी रोज येत नाही.

स्टँडवर आजी सांगितल्या जागी होत्या. लहानखुऱ्या, डोक्याला मफलर, मांडीखाली गाठोडं. मी चादरीतला खण त्यांच्यापुढे बाकावर ठेवला. यादी म्हणाली, "आजी, हे माझं. उघडा."

आजींनी गाठ चाचपली. "कुणी बांधली?"

"मी."

"ढिली आहे. एवढं शिकलीस, गाठ नाही आली?" मग मान वळवून म्हणाल्या, "आणि हे कोण?"

"आमच्या शेजारचे काका. ओझं घेऊन आलेत."

"त्यांना तिकडे पाठव. त्यांचे कान फार लांब दिसतात."

मी म्हणालो, "आजी, तुम्हाला तर दिसत नाही."

"लांब कान बघायला डोळे कशाला? आल्यापासून तुम्ही श्वास रोखून उभे आहात."

माझी रवानगी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला, वेळापत्रकाच्या फळ्यासमोर झाली. पाठ करून उभं राहायचं, असा हुकूम. पाऊण तास उभा होतो. आता मला सहा नंबरच्या सगळ्या बसच्या वेळा पाठ आहेत, आणि कुणी विचारतही नाही. मागून काय काय ऐकू आलं ते सांगतो, कारण ऐकू येण्यावर माझा इलाज नव्हता. आधी कागदांची चाळवाचाळव. मग यादीचा आवाज, काहीतरी वाचून दाखवतेय असा, अगदी खालच्या पट्टीत. मग आजींचं खदखदून हसणं. "याच्यासाठी? एवढं रडलीस? अगं, बटण तुटलं तर मी याच्यापेक्षा जास्त रडायचे!" मग यादीही हसली. एक बस आली, गेली. तिच्या आवाजानंतर कुणीतरी नाक शिंकरलं. दोघींपैकी कुणी, ते मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण मी खरोखर वळलो नव्हतो. एकदाच थोडासा वळलो, तर आजी ओरडल्या, "काका, बस चुकेल!"

बोलावणं आलं तेव्हा खण पुन्हा चादरीत होता. पण गाठ वेगळीच. अशी चपटी, घट्ट, टोकं आत दडवलेली. आजींनी शिकवलेली. यादी ती तीन वेळा सोडून बांधून बघत होती.

"चला," आजी उठल्या. "पण माझं गाठोडं त्या खोलीत जायचं नाही. उशाशी राहील."

यादीच्या तोंडावर नियम आलेला मला दिसला. सामान खोलीतच ठेवायचं, नियम तिनेच लिहून भिंतीवर लावला होता. तिने तो गिळला. "राहील," म्हणाली.

आजींनी तिचा हात धरला, मी खण धरला, आणि अशी आमची वरात गल्लीतून निवाऱ्याकडे गेली. लाँड्रीवाला दारात उभा राहून बघत होता. उद्या काय बातमी उठणार याचा मला अंदाज आला, पण या वेळी तिच्यात मी स्वतःच होतो, त्यामुळे गप्प बसलो.

पोस्टमनकाकांनी आजींना आत येताना पाहिलं, कानावरची पेन्सिल काढून ठेवली, पेन शोधलं आणि उभ्या उभ्या पत्र लिहिलं. रंगारी खाटेवरून उठला आणि आजींच्या खाटेचा हलता पाय लाकडाचा तुकडा सारून नीट करून गेला. यादीने त्याची माफी आधीच मागितली होती. तो तिला एवढंच म्हणाला होता, "मुलगा आता तुझ्याएवढा असेल," आणि पुढे दोघांनी तो विषय काढला नाही.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. सकाळी आठला बाहेर पडायचा नियम पोस्टमनकाकांनी आजींपुरता बाजूला ठेवला. आठवडाभर दिवसातून चार वेळा थेंब. सकाळी कॉलेजच्या आधी, दुपारी कॉलेजातून पळत येऊन, संध्याकाळी, आणि निजायच्या वेळी पोस्टमनकाका. साठ तास त्या आठवड्याच्या मधेच संपले. ते तिच्या लक्षातही आलं नाही, आणि हिशेबात पक्की असलेली ही मुलगी! पट्टी निघाली तेव्हा आजींनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढीशी आहेस होय? आवाजावरून चांगली धष्टपुष्ट वाटली होतीस." मग माझ्याकडे वळून, "हे मात्र जसे वाटले तस्सेच आहेत."

अहवालाला कॉलेजात कमी गुण पडले. तिसरा रकाना कोरा का, असं बाईंनी लाल शाईत विचारलं होतं. यादीने जन्मात पहिल्यांदा कोरा रकाना तसाच सोडला आणि वर त्याबद्दल भांडूनही आली नाही. निवाऱ्यात आता गाठोड्यांना क्रमांक आहेत, आणि ज्याला उशाशी ठेवायचंय त्याने ठेवावं. ती अजून आठवड्यातून तीन दिवस जाते. आजी खिडकीत तिच्या शेजारी बसतात आणि कुणाचं बटण तुटलं असेल तर लावून देतात. आता काळं आणि निळं दोन्ही कळतं.

हे सगळं छान झालं. पण माणसाला झोप लागायला हवी की नाही? अकरा वस्तू. त्या कोणत्या, हे जगात दोघींनाच माहीत. आणि त्या खणात काय, तेही त्याच दोघींना. परवा यादी आमच्याकडे सुईदोरा मागायला आली. आमची ही समोर भाजी निवडत बसली होती. मी म्हणालो, "यादी, मी तो खण स्टँडवर नेला आणि पुन्हा घरापर्यंत आणला. माझे खांदे अजून दुखतात. मला एवढा तरी हक्क आहे. आजींच्या गाठोड्यात काय होतं आणि तुझ्या खणात काय होतं, दोन्हीतलं निदान एक तरी सांग."

तिने सुईत दोरा ओवला, टोकाला गाठ मारली आणि म्हणाली, "सांगते ना काका. पण आधी तुम्ही तुमचं कपाट उघडा. आत्ता, काकूंसमोर."